मुलाखत घेणारी बरी होती

त्या दारावर आतापर्यंत तीनदा टकटक झाली होती आणि तिन्ही वेळा ती तिनेच केली होती. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास चौथ्यांदा टकटक झाली, तेव्हा ती जरा गोंधळली. आपण तर आत आहोत. मग बाहेर कोण आहे?

दार उघडलं. गॅलरीत एक तरुण उभा होता. पाऊस तिरपा येत होता आणि त्याच्या हातात उघडी छत्री होती, पण ती त्याने डोक्यावर न धरता छातीशी धरलेल्या कागदांवर धरली होती. कागद अगदी कोरडे होते. तो मात्र नखशिखांत भिजला होता.

“नमस्कार,” तो म्हणाला. “विद्यापीठातून आलोय. गेल्या महिन्यात तुमची एक मुलाखत झाली होती, फॉर्म नंबर सदतीस. त्याची फेरतपासणी करायची आहे. म्हणजे… फार काही नाही. पाच प्रश्न. मुलाखत खरंच झाली होती का, एवढंच बघायचं.”

मुलाखत खरंच झाली होती. अडचण तीच होती.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण स्वतःच्या दारावर टकटक करणारी मुलगी वेडी असते असा लोकांचा एक समज आहे. ही वेडी नव्हती. ही समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती.

विभागात तिला टिपण म्हणत. पहिल्या वर्षी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला केकचा तुकडा आधी कोणी उचलला, नको नको म्हणत दोनदा कोणी घेतला आणि नुसतं क्रीम चाटून बाकीचा कोणी खिडकीत ठेवला, याची नोंद तिने सवयीने वहीत केली होती आणि वही तिथेच विसरली होती. तेव्हापासून तिला वाढदिवसांची बोलावणी कमी झाली. नाव तेवढं राहिलं.

दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. तिने विषय घेतला ‘भाड्याच्या खोल्यांत एकट्या राहणाऱ्यांचे सामाजिक संबंध’. बाकीचे आपापले विषय घेऊन चार दिशांना पांगले आणि ती या शहरात, भाड्याच्या खोलीत, एकटी राहिली. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि दोन कप होते. एका कपात ती चहा प्यायची. दुसऱ्यात पेनं राहायची.

तिच्या मार्गदर्शक बाई हळू आवाजात बोलत, आणि त्यांच्या हळू आवाजाला अख्खा विभाग घाबरत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, की खोल्यांची यादी घ्यायची आणि दर नववं दार वाजवायचं. नववं दार म्हणजे नववं दार. आठवं नाही, दहावं नाही, समोरच्या काकू प्रेमळ आहेत म्हणून त्यांचंही नाही. दार उघडलं नाही तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं. आणि एक जरी फॉर्म बनावट निघाला, तरी साठच्या साठ रद्द. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने एक घर गाळलं होतं, कारण तिथे कुत्रा होता. त्याचा प्रबंध गेला. कुत्रा अजून आहे.

छत्तीस दारं सुरळीत झाली. मग यादीत बोट फिरवत ती सदतिसाव्यापाशी आली, आणि त्या दाराच्या कडीला तिचंच कुलूप होतं.

तिने पुन्हा मोजलं. उलटीकडून मोजलं. बाईंना विचारायला दोनदा गेली, तर दोन्ही वेळा बाई परगावी परिषदेला. तिसऱ्यांदा गेली नाही, कारण उत्तर तिला पाठ होतं.

तेव्हा सोमवारी सकाळी दहा वाजता तिने क्लिपबोर्ड घेतला, खोलीला कुलूप लावलं, गॅलरीत उभी राहिली आणि दार वाजवलं. कोणी उघडलं नाही. तिने वेळ टाकून लिहिलं, ‘प्रतिसाद नाही’. गुरुवारी दुपारी पुन्हा वाजवलं. या वेळी शेजारच्या खोलीतल्या नर्सबाई डोकावल्या. त्या चार महिन्यांपासून भिंतीपलीकडे राहत होत्या.

“ती बाहेर गेलीये बहुतेक,” नर्सबाई म्हणाल्या. “फार दिसत नाही हो ती.”

टिपणने त्यांचे आभार मानले आणि ती जिना उतरून उगाच कोपऱ्यापर्यंत जाऊन आली.

रविवारी चार वाजता तिसरी फेरी. टकटक केली, कुलूप काढलं, आत गेली आणि स्वतःला घरी गाठलं. फॉर्मवर ‘मुलाखत सुरू झाल्याची वेळ’ असा रकाना होता, तो भरला. खुर्चीत बसून प्रश्न विचारायचा, उठून पलंगावर बसून उत्तर द्यायचं, पुन्हा खुर्चीत येऊन ते लिहायचं, असं बत्तीस वेळा. प्रश्न अकरा होता, काल कामाव्यतिरिक्त किती व्यक्तींशी समोरासमोर बोललात. शून्य. शेवटचा पाहुणा कधी आला? कोणी आलेलं नाही. प्रश्न एकोणीस होता, आजारी पडलात तर पहिला फोन कोणाला कराल.

इथे मुलाखत थांबली. आईला फोन केला तर आईच आजारी पडेल. दादाला केला तर तो आधी विचारेल, लोकांना प्रश्न विचारणं संपवून तू नोकरी कधी बघणार. सूचनापुस्तिकेत म्हटलं होतं, ‘उत्तरदात्याला वेळ द्यावा. उत्तर सुचवू नये.’ तिने वेळ दिला. काही सुचवलं नाही. खिडकीत ऊन होतं, ते सरकत सरकत भिंतीवर गेलं. मग पलंगावरून उत्तर आलं, “माहीत नाही.”

शेवटचा, बत्तिसावा प्रश्न होता, तुम्हाला आणखी काही सांगायचंय का. तिने लिहिलं, ‘मुलाखत घेणारी बरी होती. पुन्हा आली तरी चालेल.’ मग ‘मुलाखत संपल्याची वेळ’ भरली, सहा वाजून पाच मिनिटं, आणि फॉर्म इतरांमध्ये लावून दिला. ओळखीच्या माणसाची मुलाखत घेऊ नये, असा एक नियम होता खरा. पण बत्तीस प्रश्नांनंतर तिचं प्रामाणिक मत झालं, की तो काही फारसा मोडलेला नाही.

आणि आता हा भिजलेला माणूस दारात. याच्यासमोर बिंग फुटलं तर दोन वर्षं पाण्यात, आणि गावी जाऊन दादाला काय सांगायचं? माझ्याशी बोलल्याबद्दल मला काढून टाकलं?

एक गोष्ट मात्र बरी होती. ओळखीपाळखी होऊ नयेत म्हणून फेरतपासणी करणाऱ्याला मुलाखत घेणाऱ्याचं नाव सांगत नसत. त्याच्या दृष्टीने ती फक्त सदतीस होती.

“आत या,” सदतीस म्हणाली.

तो खुर्चीत बसला, ती पलंगावर. त्याने विचारलं, मुलाखत घ्यायला खरंच कोणी आलं होतं का. आलं होतं. किती वेळ होती? बराच वेळ. अजूनही… म्हणजे बराच. वागणूक कशी होती? जरा घाबरलेली वाटली, पण प्रश्न नीट विचारले. तो सगळं लिहून घेत होता आणि त्याच्या कोपरावरून पाणी फरशीवर टपटपत होतं. तिने टॉवेल दिला. त्याने आधी क्लिपबोर्ड पुसला.

चहा घेणार का, तिने विचारलं. तो म्हणाला, उत्तरदात्याकडे काही घेऊ नये असा नियम आहे, पाणी चालतं. चहात पाणीच जास्त असतं, असं ती म्हणाली आणि उठून दुसऱ्या कपातली पेनं काढून खिडकीत ठेवली.

“शेवटचा पाहुणा कधी आला होता?” चहाचा घोट घेऊन त्याने विचारलं.

“आत्ता.”

तो फॉर्मकडे बघत राहिला. “इथे ‘कोणी आलेलं नाही’ आहे.”

“तेव्हा नव्हतं आलं.”

“पण मी पाहुणा नाही. मी फेरतपासणी आहे.”

“जी व्यक्ती घरात येते, बसते आणि काही घेते, ती पाहुणा,” ती म्हणाली. “सूचनापुस्तिका, पान नऊ.”

त्याने कपाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “तुम्हाला पान नऊ कसं माहीत?”

“मुलाखत घेणारीने सांगितलं होतं. ती… बोलकी होती.”

घरात वापरात असलेले कप, हा पुढचा प्रश्न. फॉर्मवर एक होता. आता दोन. त्याने पाचांपैकी दोन उत्तरांसमोर फुली केली आणि रिपोर्ट वाईट आल्यावर डॉक्टर करतात तसा चेहरा केला.

“दोन जुळत नाहीत. पुन्हा यावं लागेल.”

“कधी?”

“पुढच्या बुधवारी. साडेपाचला. तसा… नियम आहे.”

सूचनापुस्तिका तिला अथपासून इतिपर्यंत पाठ होती. त्यात असा नियम कुठेही नव्हता. ती म्हणाली, नियम आहे तर मग काय करणार.

पुढच्या बुधवारी तो पाच वीसलाच आला. तिला गॅलरीत बुटांचा आवाज ऐकू आला, तो दारापर्यंत आला आणि थांबला. ती आत दाराशी उभी राहिली. दहा मिनिटं दोघं एका फळीच्या दोन बाजूंना उभे होते, आणि बरोबर साडेपाचला त्याने टकटक केली. मग तिने आणखी पाच सेकंद मोजले, म्हणजे आपण कुठून तरी चालत आलो असं वाटावं.

त्या दिवशी त्याच्याबद्दल थोडं कळलं. संख्याशास्त्र विभागाच्या तळघरात तो हंगामी कामावर होता. लोकांनी भरलेले फॉर्म तपासायचे, आकडे यंत्रात चढवायचे. तिथे त्याला दशांश म्हणत, कारण एकदा कोणी रस्ता विचारला तेव्हा त्याने दीड किलोमीटर न म्हणता एक पूर्णांक चार म्हटलं होतं. राहायला दवाखान्यामागच्या पिवळ्या इमारतीत. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. आणखी काय दिसतं, तिने विचारलं. तो बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, टाकीच.

मग त्याने घसा साफ करून प्रश्न अकरा काढला. काल किती व्यक्तींशी समोरासमोर बोललात?

“शून्य.”

“जुळतंय,” तो म्हणाला. पण जुळल्याचा आनंद त्याला झालेला दिसला नाही.

“आज विचाराल तर एक.”

“प्रश्न कालचा आहे.”

“मग उद्या विचारा.”

त्याचं पेन थांबलं. कान लाल झाले. ते वेगवेगळ्या वेळी लाल होतात, आधी डावा, अशी नोंद टिपणने मनातल्या मनात केली.

तिसऱ्या बुधवारी त्याने आणखी एक प्रश्न काढला, चोविसावा. आठवड्यात सर्वांत जास्त वाट कोणत्या दिवशी पाहता? फॉर्मवर ‘रविवार, आईचा फोन’ असं होतं. आता ती म्हणाली, बुधवार. का, असं विचारायला फॉर्ममध्ये जागा नव्हती, आणि जिथे जागा नाही तिथे विचारायची त्याला सवय नव्हती. रविवारी फोनवर आईने घरातल्या सगळ्यांची खबर सांगून झाल्यावर नेहमीप्रमाणे “बाकी?” विचारलं होतं, आणि टिपण नेहमीप्रमाणे “बाकी काही नाही” म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, “बाकी… बघू.” आई लगेच गप्प झाली. आयांना कळतं.

“तुमची उत्तरं दर वेळी बदलतात,” दशांश म्हणाला.

“माणूस बदलतो.”

“एका महिन्यात?”

“बुधवारी बुधवारी.”

तो हसला नाही. त्याने फॉर्मचं शेवटचं पान उलटलं आणि ते तिच्याकडे न फिरवता स्वतःच वाचलं. “हे तुम्ही सांगितलंत? मुलाखत घेणारी बरी होती, पुन्हा आली तरी चालेल?”

“हो.”

“साठपैकी एकोणसाठ जणांनी तो रकाना कोरा सोडलाय. मी इतके फॉर्म तपासतो ना… शेवटच्या प्रश्नाला लोक उठून चपला शोधत असतात.” तो खिडकीतल्या पेनांकडे बघत होता. “उद्या संध्याकाळी अहवालावर सही करायची आहे. मी लिहिणार आहे, सदतीस खरा. उत्तरं जुळत नाहीत, तरी खरा. माझी खात्री आहे.”

तिने तोंड उघडलं. म्हणजे, खरं तर ती… ते असं झालं होतं की…

“काही म्हणालात?”

“छत्री डोक्यावर धरा,” ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने दोन्ही कप विसळले आणि पलंगावर बसून राहिली. आतापर्यंत तिचंच बुडणार होतं. आता हा मनुष्य आपल्या सहीनिशी तिच्या खोट्याखाली उभा राहणार होता, तोही हंगामी, ज्याला काढून टाकायला कागदसुद्धा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाईंच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्याच्याविषयी सोडून. ते शेवटी सांगायचं ठरवलं होतं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समोर तीच मुलगी होती.

“तू स्वतःच्या दारावर टकटक केलीस?”

“तीनदा.”

“आणि?”

“दोनदा मी घरी नव्हते.”

बाईंनी गठ्ठ्यातून सदतीस नंबर काढला आणि वाचायला घेतला. एकोणिसाव्या प्रश्नापाशी त्या थांबल्या, शेवटच्या रकान्यापाशी आणखी थांबल्या. इतक्या वर्षांत आपला नियम कोणी इतका पाळेल अशी त्यांनी कल्पना केली नव्हती, आणि आता रागवावं की लाज वाटून घ्यावी हे त्यांना ठरवता येत नसावं.

“अगं, चार महिने झाले तुला त्या खोलीत एकटीला,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझ्या घरी यायचंस की.”

तुमचं दार यादीत नव्हतं, असं टिपणच्या ओठांवर आलं होतं.

निकाल असा लागला, की सदतीस रद्द. बनावट नव्हे, फक्त रद्द. प्रबंध एकोणसाठ फॉर्मांवर होईल आणि एक तळटीप द्यावी लागेल. तळटीप कशी लिहायची, हे त्या दोघी मिळून बघतील. टिपणच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने ताबडतोब आवरलं. मग म्हणाली, “बाई, आणि फेरतपासणी…”

“त्याची काळजी नको. नशीब तुझं, फेरतपासणीत हा आलाच नाही.” बाईंनी यादीवर बोट ठेवलं. “ते दर दहावा घेतात. चार, चौदा, चोवीस, चौतीस, चव्वेचाळीस, चोपन्न.” त्यांनी मान वर केली. “का गं? कोणी आलं होतं का तुझ्याकडे?”

टिपणने यादी पाहिली. चौतीस, मग चव्वेचाळीस. मध्ये काही नव्हतं. तो मनुष्य तीन बुधवार पावसात आला होता आणि त्याला कोणी पाठवलंच नव्हतं.

यादीबाहेरच्या दारावर परस्पर गेलेला तपासनीस. बाईंना कळलं तर त्यांच्या हळू आवाजातलं एक वाक्य तळघरापर्यंत जाईल, आणि संपलं.

जिने सत्यासाठी स्वतःच्या दारावर तीनदा टकटक केली होती, ती मुलगी म्हणाली, “नाही बाई. कोणी आलेलं नाही.”

बाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आलं, की हेच उत्तर फॉर्मवर होतं. शब्दन् शब्द. आता जुळलं.

त्यानंतरच्या बुधवारी ती पाच वीसला दाराशी उभी राहिली. बूट वाजले नाहीत. साडेपाच झाले. सहाला पावलं आली, ती नर्सबाईंची होती. टिपणने पेनं पुन्हा कपात ठेवली, मग काढली, मग ठेवली. त्याने गठ्ठ्यात बघितलं असेल, सदतीस गायब, वर बाईंच्या अक्षरात कारण. तीन बुधवार एक मुलगी आपल्याला तोंडावर फसवत होती, हे कळल्यावर कोण येईल? शिवाय आता तपासायला उरलंय काय?

पण नियमाप्रमाणे, प्रतिसाद नाही असं लिहायच्या आधी तीनदा जावं लागतं. आणि ती तर अजून एकदाही गेली नव्हती.

गुरुवारी दुपारी ती तळघरात गेली. त्याच्या टेबलावर फॉर्मांचे गठ्ठे होते आणि खुर्ची आत सरकवलेली होती. पलीकडे बसणारे कारकून काका म्हणाले, सोमवारपासून आलेला नाही. फोन केलात का, तिने विचारलं. काकांना प्रश्नच कळेना. समोर बसणाऱ्या माणसाला फोन कशाला करायचा, त्याचा नंबर घेतलाच नाही कधी. राहतो कुठे? राहत असेल कुठेतरी. मग त्यांना जरा वाईट वाटलं असावं, कारण ते म्हणाले, “शिंकत होता शनिवारी.”

दवाखान्यामागची पिवळी इमारत चार मजल्यांची होती आणि तिच्या पोटात शंभरेक खोल्या होत्या. पाटीवर नावं नव्हती. दुसरं कोणी असतं तर परत फिरलं असतं. पण अनोळखी दारं वाजवणं हे एकच काम तिला येत होतं. पाण्याची टाकी मागच्या अंगाला होती, म्हणजे मागच्याच खोल्या. ती तळमजल्यापासून निघाली. नमस्कार, विद्यापीठातून आलेय. एका शिंप्याने मापाची टेप गळ्यात ठेवून डोकं हलवलं. एका म्हाताऱ्या बाईंनी तिला आत बसवून घ्यायचा फार प्रयत्न केला, आणि टिपणने मनात त्यांचा खोली नंबर लिहून ठेवला, रविवारी यायचं म्हणून. एक जण म्हणाला, उंचसा, छत्री चुकीची धरतो तो? वरच्या मजल्यावर बघा.

तेरावं दार. कुठल्याच नमुन्यात न बसणारं.

तिने वाजवलं. काही नाही. थांबून पुन्हा वाजवलं. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा वाजवायला हात उचलला, तर दार उघडलं.

अंगावर चादर, डोळे लाल, दाढी वाढलेली. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या क्लिपबोर्डकडे पाहिलं.

“फेरतपासणी?” त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

“हो.”

आत एक पलंग, एक खुर्ची. एक कप, त्यात पेनं. खिडकीत पाण्याची टाकी, आणि खरंच दुसरं काही नाही. तो पलंगावर बसला, ती खुर्चीत. आणलेली संत्री कुठे ठेवावीत ते न कळून तिने मांडीवरच ठेवली.

“मुलाखत घेणारी मीच होते,” ती म्हणाली. “सदतीसही मीच.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या बुधवारपासून. मी प्रश्न वाचायच्या आधी तुमचे ओठ हलायचे.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही विचारलं असतं, यादीत नसताना मी आलो कशाला.”

“कशाला आलात?”

तो टाकीकडे बघत राहिला. “पुन्हा आली तरी चालेल, असं लिहिलं होतं. मुलाखत घेणारे पुन्हा जात नाहीत हो. साठ घरं करून दमलेले असतात. ते वाचलं आणि चार दिवस डोक्यातून जाईना… म्हटलं, कोणीच जाणार नाही. मग मी गेलो.”

तिने एक संत्रं सोलायला घेतलं. सालीचा वास खोलीभर झाला.

“बाईंनी विचारलं, कोणी आलं होतं का. मी नाही म्हटलं.”

“ते खोटं होतं.”

“हो. फॉर्मही रद्द झाला.”

त्याने थोडा विचार केला. तापात त्याला हिशोब जड जात होता. “म्हणजे कागदावर मी कधी आलो नाही. आणि तुम्ही तर नाहीच आहात.”

“नाही.”

कागदावर नसलेली दोन माणसं संत्रं खात बसली. बाहेर पाऊस टाकीच्या पत्र्यावर वाजत होता. मग तिने क्लिपबोर्डवर एक कोरा फॉर्म लावला, सुरू झाल्याची वेळ टाकली, पाच दहा, आणि सरळ मधलाच प्रश्न काढला, मुलाखतशास्त्राच्या विरुद्ध.

“प्रश्न एकोणीस. आजारी पडलात तर पहिला फोन कोणाला कराल?”

सोमवारपासून हाच प्रश्न चादर पांघरून त्याच्या शेजारी पडलेला असावा, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. उत्तरदात्याला वेळ द्यावा. तिने वेळ दिला. टाकीवर एक पक्षी येऊन बसला, भिजला, उडून गेला. तिने आणखी वेळ दिला.

“माहीत…” तो म्हणाला.

तिने त्याला ते वाक्य पुरं करू दिलं नाही. रकान्यात स्वतःचा नंबर लिहिला, नीट, एकेक आकडा सुटा, आणि क्लिपबोर्ड त्याच्याकडे फिरवला.

त्याने तो वाचला. ओठ हलवत, पाठ करताना हलतात तसे. आधी डावा कान लाल झाला.

“हे उत्तर सुचवणं झालं.”

“हो.”

“चालतं?”

“नाही. आडवा हो आता. मी आहे इथे.”

“तुम्ही मला अरे-तुरे केलंत.”

“ताप आहे तुला. भास होत असतील.”

तो आडवा झाला, पण क्लिपबोर्ड सोडला नाही. ती उठली. कपातली पेनं काढून तिने खिडकीत टाकीसमोर ओळीने ठेवली, कप विसळला आणि चहाला आधण ठेवलं. दूध होतं का ते बघण्यात, साखर शोधण्यात जरा वेळ गेला. खोलीत कप एकच होता, म्हणजे चहा पाळीपाळीने घ्यावा लागणार होता, आणि त्याबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. वळून पाहिलं तर त्याला झोप लागली होती, पेन बोटांत तसंच. क्लिपबोर्ड छातीवर. शेवटचं पान वर होतं आणि बत्तिसाव्या प्रश्नाखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मुलाखत घेणारी बरी आहे. जाऊ नये.’

टिपणने क्लिपबोर्ड हळूच काढून घेतला. खाली ‘मुलाखत संपल्याची वेळ’ असा रकाना होता. तिने घड्याळाकडे पाहिलं, सवयीने पेन उचललं, आणि मग तो रकाना कोरा ठेवला.